पहिल्या चार ओळी

जेवणाची सुट्टी झाली होती आणि खेचरवाल्याने ट्रान्झिस्टर लावला होता. जंगलात माणसाचा आवाज कानावर पडत नाही असं नाही, सहा जण होते ना ते, पण रोज तेच सहा आवाज. त्यामुळे ट्रान्झिस्टरवर काहीही लागलं तरी चालायचं. त्या दुपारी संसदेचं कामकाज लागलं होतं.

"बंद कर रे ते, खाल्लेलं अंगी लागायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"थांब थांब, पुढाऱ्याचा माणूस उभा राहिलाय."

पुढारी म्हणजे यांच्यातला सगळ्यात धाकटा. वय तेवीस. टोळीत आला त्याच आठवड्यात त्याला हे नाव पडलं, कारण तो सकाळी दात घासतानासुद्धा देशाचं काय चुकतंय ते सांगायचा. आणि उभा राहिलेला माणूस म्हणजे त्याच्याच भागाचा खासदार, त्याच्याच पक्षाचा. याच खासदारासाठी त्याने दोन निवडणुका पोस्टरं चिकटवली होती. बोटांना खळ लागून कातडी सोलली होती बिचाऱ्याची.

तर पुढारी खूश झाला. उकडलेल्या बटाट्याचा घास तोंडात तसाच ठेवून कान देऊन बसला.

खासदार म्हणाले, "मी एका कर्मचाऱ्याचेच शब्द वाचून दाखवतो. काल सहा जणांनी मिळून एक झाड कापलं. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. एकच झाड. इंजिनच्या करवतीचं वीस मिनिटांचं काम, सरकारी पगारावर. त्यातला एक तास करवतीच्या दातांना कानस मारण्यात गेला, आणि दोनदा चहा झाला."

सभागृहात हशा पिकला. ट्रान्झिस्टर छोटा होता, त्यामुळे हशा पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा वाजला.

पुढाऱ्याच्या हातातला चमचा खाली पडला. घास गिळायचा की थुंकायचा हेच त्याला कळेना. कारण ते शब्द त्याचे होते. 'दोनदा चहा झाला' हेसुद्धा. त्याने ते फोनला रेंज येते त्या दगडावर बसून, गारठलेल्या अंगठ्यांनी टाइप करून आपल्या पानावर टाकले होते.

"आपलंच झाड की हे," जोडगोळीतला थोरला म्हणाला. जोडगोळी म्हणजे दोघे सख्खे भाऊ, एक बोलला की दुसरा मान हलवतो. दुसऱ्याने मान हलवली.

"चहा तीनदा झाला होता," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मोजता येत नाही सांगणाऱ्याला."

कोणी हसलं नाही. सगळे मामाकडे बघायला लागले.

मामा म्हणजे टोळीचा मुकादम. सगळेच त्याला मामा म्हणायचे, पण पुढाऱ्याचा तो खराखुरा मामा, आईचा भाऊ. मामाने ताटलीतला बटाटा संपवला, ताटली पाण्याने खंगाळली, पालथी घातली आणि म्हणाला, "कोणीतरी बरंच बारीक बघितलंय."

एवढंच. उठून कामाला लागला.

पुढारी बोलला का? नाही बोलला. तोंड उघडलं होतं त्याने, पण आतून हवासुद्धा आली नाही. खेचरवाला त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे, तुझ्या साहेबांनी आज आम्हालाच लावलं की तोंडी!" तेव्हा तो हसला. हसला! नंतर कितीतरी दिवस त्याला त्या हसण्याचीच शिसारी येत होती.

आता हे काम काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही खासदारांचंच पटेल.

जंगलाचा हा आतला भाग फार जुन्या कायद्याने राखलेला. आत इंजिन न्यायचं नाही. गाडी नाही, पंप नाही, इंजिनची करवत नाही. चाकसुद्धा नाही, हातगाडीचंही नाही. सामान खेचरावर आणि बाकी सगळं हाताने. हिवाळ्यात पायवाटांवर झाडं पडतात, ती उन्हाळ्यात या टोळीने कापून बाजूला करायची. दोन माणसांची लांब करवत, दोन्ही टोकांना मूठ. पातं पुढाऱ्याच्या आजोबांच्या वयाचं. असं पोलाद आता कोणी बनवत नाही. त्या पात्याच्या दातांना डॉक्टरीणबाई कानशीने धार लावते, गुडघ्यावर फडकं टाकून, एकेक दात डोळ्यासमोर धरून. म्हणून ती डॉक्टरीणबाई. दातांची.

करवत चालवायची एकच रीत. आपल्याकडे ओढायची, आणि समोरचा ओढेल तेव्हा सोडून द्यायची. ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं, अडकतं, आणि समोरच्याचा खांदा कामातून जातो. सगळ्यात अवघड तेच. ओढायला कोणीही शिकतो, सोडायला वर्ष जातं. आणि जोड ठरलेली असते. पुढाऱ्याच्या समोर मामा, मामाच्या समोर पुढारी. वर्षभराने एके दिवशी मामा म्हणाला होता, "आज पहिल्यांदा तू समोर आहेस असं वाटलं नाही." याहून मोठी शाबासकी त्याला कधी कोणी दिली नव्हती.

आणि हा पोरगा कोण? शाळेत मन लागलं नाही. जे काय शिकला ते ग्रंथालयात एकटा बसून, इतिहास म्हणू नका, कायदे म्हणू नका, मिळेल ते वाचून. मतं सगळी जुन्या वळणाची. घर टिकलं पाहिजे, थोरांचं ऐकलं पाहिजे, सरकारने माणसाच्या खिशात आणि स्वयंपाकघरात डोकावू नये, आणि चालत आलेली गोष्ट उगाच मोडू नये. त्याच्या वयाची पोरं त्याला हसायची. म्हणायची, तू जन्मतःच साठीचा आहेस. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मतं बाबांकडून आलेली होती, आणि बाबा म्हणजे त्याच्या लेखी देशातला सगळ्यात सरळ माणूस.

बाबांचं कुलपांचं दुकान. किल्ल्या बनवायच्या, कुलपं दुरुस्त करायची. पक्षाचे जुने कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी पहाटे केंद्रावर जाऊन बसणारे. आणि मामाचं मत दुसरीकडे. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बरीच वर्षं चालूनही गेलं. मग मागच्या निवडणुकीत जेवायच्या टेबलावर बाबा बोलून गेले, "सरकारी पगारावर झाडं मोजणाऱ्यांना देश चालवायला काय लागतं ते काय कळणार?" मामाने चमचा खाली ठेवला, "ताई, येतो," म्हणाला आणि गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आई तिच्या भावाला बसथांब्यावर भेटते. डबा देते, दहा मिनिटं बोलते, डोळे पुसत परत येते.

तरी पोरगा रिकामा बसलाय म्हटल्यावर मामानेच त्याला टोळीत घेतला. बाबांनीही नाही म्हटलं नाही. दोघं न बोलता त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलत होते म्हणा ना.

संध्याकाळी काम संपल्यावर पुढारी खिंडीतल्या दगडावर धावत गेला. तळावर फोनला रेंज नाही, त्या एका दगडावर येते, तीही उभं राहिलं तर जाते आणि बसलं तर येते.

कोणी दिलं असेल? हाच प्रश्न. त्याचं पान वाचणारी माणसं किती? चाळीसेक. विरोधकांनी केलं असेल, कोणी जळणाऱ्याने केलं असेल, असं करत करत त्याने पक्षाचं पान उघडलं. तिथे सगळ्यात वर तेच होतं. त्याच्या लिखाणाचा फोटो. पडद्याचा नव्हे, म्हणजे फोनमधल्या फोनमध्ये काढतात तसा नाही. एका फोनने दुसऱ्या फोनचा काढलेला फोटो, जरा तिरका, वर खिडकीचा उजेड पडलेला. चार ओळी दिसत होत्या. त्याखाली 'आणखी वाचा' असं फिकट अक्षरात.

आणि कोपऱ्यात एक अंगठा.

जाड अंगठा. नखाला मधोमध चीर. कडांमध्ये पितळेचा काळा कीस भरलेला, कितीही साबण लावला तरी न जाणारा.

पुढारी दगडावर होता तिथेच गोठला. पायाखालचा दगड सरकला असता तरी त्याला कळलं नसतं. तो अंगठा त्याने लहानपणापासून रोज बघितला होता. त्या अंगठ्याने त्याच्या डोळ्यातला कचरा काढला होता, पहिल्या सायकलचं कुलूप बसवलं होतं.

फोन आईचा होता. पडद्याला कोपऱ्यात तडा होता, तो त्याने ओळखला. म्हणजे आईने त्याचं लिखाण उघडलं, आणि बाबांनी त्याचा फोटो काढून पाठवला. खाली एकशेबारा लोकांनी लिहिलं होतं. "बघा कुठे जातात आपले कर." "हाकला सगळ्यांना."

तेवढ्यात बाबांचा निरोप पडला. सकाळचा, आता पोचला. "साहेबांच्या ऑफिसात तुझं लिखाण पाठवलं. आज वाचणार आहेत म्हणे. छाती भरून आली रे."

त्या भाषणानंतर नवव्या दिवशी वायरलेसवर मुख्य चौकीतून मामाला बोलावणं आलं. मामा कानाला लावून उभा. "हो," म्हणाला. "कळलं," म्हणाला. मग, "सगळे?" असं विचारलं. वायरलेस जागेवर अडकवून ठेवला आणि त्याची वायर, वायर गुंतली होती, ती हळूहळू सोडवत बसला.

"हंगाम संपेपर्यंत आहे," तो म्हणाला. "मग टोळी बंद. पायवाटांचं पुढे बघू म्हणालेत."

"आणि करवत?" डॉक्टरीणबाईने विचारलं. नोकरीचं नाही विचारलं तिने, करवतीचं.

"जमा करायची."

डॉक्टरीणबाई तंबूत गेली ती बाहेर आलीच नाही. थोरला म्हणाला, "असं कसं?" धाकट्याने मान हलवली नाही. पुढाऱ्याने भावांच्या जोडीत असं पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या पायाने निसटलेला एखादा दगड खाली गडगडत जातो, आधी एकटा, मग दुसऱ्यांना घेऊन, आणि आपण फक्त आवाज ऐकत उभे. तसं झालं त्याचं.

त्याने मामाकडे दोन दिवसांची रजा मागितली. मामाने कारण विचारलं नाही. "ताईला भेटून ये," म्हणाला.

तो आधी घरी गेलाच नाही. बसमधून उतरून तडक खासदारांच्या ऑफिसात. खालच्या मजल्यावर औषधांचं दुकान, वर ऑफिस. जिन्यात तोच फोटो छापून लावलेला, अंगठा कापून. साहेब राजधानीत होते. त्यांचा मदतनीस भेटला. पुढाऱ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, ओळखीचाच.

"अरे, खळवाला!" मदतनीस उठून उभा राहिला. "तू लिहिलंस ते? बस बस. काय घेणार? चहा दोनदा की तीनदा?"

पुढारी बसला नाही. "ते अर्धंच वाचलं साहेबांनी," तो म्हणाला. "खाली अजून होतं. खाली मी उलटं लिहिलं होतं."

"बघू." मदतनिसाने फोन घेतला आणि खरंच सगळं वाचलं. मन लावून वाचलं. "छान आहे रे. भावना आहेत. पण सभागृहात आम्हाला दीड मिनिट मिळतं."

"अर्थ उलटा झाला ना पण!"

"एक सांग. सहा जण होते?"

"होते."

"दिवस गेला?"

"गेला."

"चहा झाला?"

"झाला."

"मग साहेब खोटं काय बोलले?"

 टकाटक तीन प्रश्न, तिन्हीची उत्तरं खरी, आणि सगळी मिळून एक धडधडीत खोटं. हे असं होऊ शकतं हे पुढाऱ्याने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

"आपला पक्ष जुनं जपणारा आहे," तो शेवटी म्हणाला.  "तिथे जुनं रोज वापरात आहे. आपण तेच बंद केलं."

मदतनीस वाईट माणूस नव्हता, हेच तर वाईट होतं. त्याने पुढाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आमच्याकडे ये. लिहायला माणूस हवाच आहे. पहिल्या चार ओळी कडक होत्या, एकदम खणखणीत. पुढे मग तू जरा भरकटलास."

घरी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरापुढच्या दुकानात छापील कागद लावला होता, काचेच्या आतून, कुलपांच्या रांगेच्या वर. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगत होते, हे आमच्या पोराने लिहिलं, संसदेत वाचलं.

"आला बघ!" त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. "अगं, आला तो!"

आई आली. तिने पोराचा चेहरा बघितला आणि हात पुसायचे थांबली.

"बाबा, तुम्ही पूर्ण वाचलं होतंत का?"

"म्हणजे काय? वाचलं ना. सहा जणांनी एक झाड, इंजिनच्या करवतीने वीस मिनिटं... मस्त टोला लगावलास."

"त्याखाली?"

"त्याखाली काय?"

"'आणखी वाचा' होतं. त्याला बोट लावलं की पुढचं उघडतं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने फोन आणून दिला. बाबांनी दुकानातला भिंगाचा चष्मा डोळ्याला लावला, बारीक कुलपांचा, आणि तो काळा अंगठा त्यावर टेकवला. उघडलं. ते वाचायला लागले. वाचताना त्यांचे ओठ हलतात. पुढाऱ्याला सगळं पाठ होतं, त्यामुळे ओठांवरून कळत होतं ते कुठवर आलेत.

'आणि आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. झाड उतारावर, ओढ्याच्या वर अडकलेलं. कुठून दाबलंय आणि कुठून ताणलंय हे माझा मामा सालीवर हात फिरवून सांगतो. जरा चुकलं तर ते उसळून माणूस मारेल. दिवसभरात एकदाही कोणी मोठ्याने बोललं नाही. ज्यांना वाटतं जुन्या रीती फक्त भाषणात असतात त्यांनी इथे यावं. माझे बाबा कुलपं दुरुस्त करतात. ते म्हणतात, जुनी किल्ली कशाची आहे कळत नसेल तर टाकू नये, आधी घरभर फिरून बघावं. मी आधी हसायचो. इथे येऊन कळलं. बाबा आणि मामा बोलत नाहीत, पण मला दोघांनी एकच गोष्ट शिकवली.'

बाबांचे ओठ थांबले.

 मग बाबांनी चष्मा काढला. त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते मिटायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. पुढाऱ्याने बाबांना रागावलेलं बघितलं होतं, आजारी बघितलं होतं. असं कधी नाही. भिंतीला टेकायला गेलेल्या माणसाला भिंतच लागू नये तसे दिसले ते.

"टोळी बंद झाली, बाबा. मामाची, माझी, सगळ्यांची."

"मी फोटो काढला," बाबा म्हणाले. "दिसेल तेवढ्याचा काढला. मला वाटलं, तेवढंच आहे."

 आईने काचेच्या आतून तो छापील कागद काढला, आणि चिकटपट्टीचे चार तुकडे नखाने खरवडत बसली.

परत गेल्यावर पुढाऱ्याने सांगून टाकलं. चहाच्या वेळी, सगळे बसलेले असताना. उभ्यानेच सांगितलं.

"ते मी लिहिलं होतं."

 डॉक्टरीणबाईने हात पुढे केला. त्याने फोनमध्ये जपून ठेवलेलं तिच्या हातात दिलं आणि तिने मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सपाट आवाजात, सामानाची यादी वाचावी तसं.

खेचरवाल्याने डोकं खाजवलं. "म्हणजे तू आमची स्तुती केलीस, आणि त्यात आम्ही मेलो."

"मी मुद्दाम नाही..."

"स्तुती मागितली कोणी होती?" मामा म्हणाला.

आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागलं.

"नऊ दिवस जेवलास आमच्यासोबत. करवतीला समोर बसलास माझ्या. तेव्हा बोलला नाहीस."

"मामा, मला काही सुचतच नव्हतं..."

"उद्यापासून करवतीला हात लावायचा नाही. फांद्या तोड. पाणी भर."

झालं. तिथून चार दिवस तो फांद्या तोडत होता. मामाच्या समोर जोडगोळीतला थोरला बसायचा, पण त्याची सवय धाकट्यासोबतची, करवत दर दोन हातांना अडखळायची. ते अडखळणं पुढाऱ्याला लांबून ऐकू यायचं आणि प्रत्येक वेळी दातांतून कळ गेल्यासारखं व्हायचं. नोकरी जाणार याचं त्याला फारसं वाटत नव्हतं, खरंच. मामाच्या समोरची ती मूठ गेली, त्याने त्याची झोप आणि भूक दोन्ही उडवली होती.

आणि कोणी म्हणेल, मग त्याची मतं बदलली असतील. तर नाही. फांद्या तोडताना त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. चालत आलेलं मोडू नये हे त्याला अजून पटत होतंच, उलट आता जास्त पटत होतं. फक्त, आपण ज्यांच्यासाठी खळ लावली त्यांना ते पटतं का, हे आपण कधी विचारलंच नाही, या विचाराने तो कुऱ्हाड हातात धरून तसाच उभा राहायचा.

पाचव्या दिवशी दुपारी खेचरवाला खालून सामान घेऊन आला. खेचरांच्या मागून एक माणूस चालत येत होता. शहरी बूट, तळ गुळगुळीत, त्यामुळे दर चार पावलांना घसरत होता. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. हातात एक लखोटा.

"रस्त्यात भेटले," खेचरवाला म्हणाला. "खेचरावर बसा म्हटलं तर नाही म्हणाले."

पुढाऱ्याच्या हातातून बादली सुटली. बाबा! बाबा दुकान सोडून लग्नालासुद्धा जात नाहीत.

मामाने पाहिलं. करवत अर्ध्या ओंडक्यात होती. तो उठला नाही, नजरही हटवली नाही.

बाबा त्याच्यापासून पाचेक हातांवर येऊन थांबले. धाप लागली होती. त्यांनी लखोटा उघडला आणि आतला कागद कोणाला द्यावा ते न कळून पोराला दिला. खासदारांना लिहिलेलं पत्र होतं, बाबांच्या हातचं, सहा पानी. तुम्ही अर्धं वाचलंत, त्यात चूक माझी, आता उरलेलं वाचा, असं. त्याला जोडून ऑफिसातून आलेलं उत्तर. छापील. 'आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार.' तीस वर्षं पक्षाचं काम केलेल्या माणसाला.

"नावसुद्धा लिहिलं नाही," बाबा म्हणाले. ते कोणाला सांगत होते ते कळत नव्हतं. पोराला, मामाला, झाडाला. "कोरं ठेवलंय बघ. इथे, 'श्री' च्या पुढे."

 जोडगोळीतला थोरला काय करावं न सुचून मूठ सोडून उठला आणि बाजूला झाला. पातं ओंडक्यात तसंच राहिलं, एक मूठ मामाच्या हातात, एक रिकामी.

बाबांनी त्या मुठीकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, इस्त्रीच्या पँटसकट, भुशात. दोन्ही हातांनी मूठ धरली.

 पुढाऱ्याने मामाकडे पाहिलं. मामाचा जबडा घट्ट होता. मामा उठून जाईल असंच वाटलं सगळ्यांना, चमचा ठेवून उठला होता तसा.

मामाने ओढलं. पातं त्याच्याकडे गेलं. मग बाबांनी ओढलं, बरं ओढलं, हात कष्टाचेच होते. पण मामा ओढायला लागला तशी बाबांनी मदत म्हणून मागून ढकललं, सगळा जीव लावून. पातं मधोमध वाकलं, किंचाळलं आणि अडकलं. डॉक्टरीणबाईने डोळे मिटून घेतले.

बाबांचा चेहरा उतरला. हात मुठीवर तसेच. पुढे सरकावं की मागे, त्यांना उमगेना.

"ढकलू नका, भावोजी," मामा म्हणाला.

दोन वर्षांत पहिलं वाक्य. आवाज खरखरीत, घसा वापरात नसल्यासारखा.

"मी ओढेन तेव्हा तुम्ही काही करू नका. नुसतं सोडा."

"हातातून?"

"हातातून नाही हो. मनातून सोडा. मूठ धरून ठेवा."

बाबांनी मान हलवली. कळल्यासारखी नाही, पण हलवली. काळा अंगठा मुठीवर नीट बसवला. पातं अजून हलत नव्हतं, वरून ओंडका दाबत होता.

मामाने मान न वळवता हाक मारली. "पुढारी."

पुढारी जागच्या जागी दचकला.

"बघत काय बसलास? पाचर घे आणि चिरेत ठोक. हळू. माझ्या बाजूने नाही, बाबांच्या बाजूने."

त्याने पाचर उचलली. पहिला घाव चुकला, दुसरा बसला. चीर केसभर उघडली. आणि पातं सुटलं.